मी फक्त पडद्याबाहेर असतो

४ मार्च
सासूबाई आल्या. अर्धांगवायू, डावी बाजू गेली. बायको दोहाला कामाला. मेहुणा कंपालाहून येऊन दोन आठवड्यांत घेऊन जाणार. आपल्या जमातीत जावयाने सासूला शिवायचं नाही, समोर जायचं नाही. म्हणून खोलीत जाड पडदा लावला. अंघोळ-कपडे शेजारची नालोंगो बघेल. मी फक्त देखरेख. रेडिओ-दुरुस्तीचं दुकान उद्यापासून नेहमीसारखं.

९ मार्च
दुकान बंदच. चादरी धुतल्या. पेज करून पडद्याखालून सरकवली. देखरेखीला वेळ लागतो.

१२ मार्च
आरोग्य केंद्रातून नर्स नाकिगांडा आली. म्हणाली, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठ सडेल. शिवाय गुरुवारी केंद्रात घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्यांची मीटिंग असते, तुम्ही या. म्हटलं, बायकोला सांगतो, आई तिची आहे. ती म्हणाली, बायको दोहात ना? म्हटलं, रोज फोन करते की!

१३ मार्च, सकाळी ६
उपाय सापडला. दर दोन तासांनी पडद्याबाहेर ताटली वाजवायची आणि म्हणायचं, आई, कूस बदला. त्या हो म्हणतात. मी तक्त्यावर खूण करतो. सिस्टीम असली की सगळं सोपं.

१६ मार्च
नालोंगो म्हणते पाठ लाल दिसते. घामोळं असणार. ती मुलीच्या बाळंतपणाला निघाली. दहा दिवस अंघोळीला सुट्टी.

२२ मार्च
खुणा शंभरावर. एकही चुकली नाही. मेहुण्याचा फोन लागत नाही. खोलीत वास येतो. पडदा धुवायला काढला पाहिजे.

२६ मार्च, दुपार
नालोंगो आली. चादर उचलली आणि ओरडली. मूठ जाईल एवढी जखम.
मला म्हणाली, काय हो जावईबापू, ताटली वाजवल्यावर वळायला ती काय शेळी आहे? तिला तसूभर वळता येत नाही!
मग हो का म्हणत होत्या, मी पडद्याबाहेरून विचारलं.
सासूबाई म्हणाल्या, जावयाला नाही कसं म्हणू?

२६ मार्च, संध्याकाळ
नालोंगो बाळंतिणीकडे परत गेली. मी हातांना चादर गुंडाळली, भिंतीकडे बघत आत गेलो. त्यांनी उजव्या हाताने पदरासारखं वस्त्र तोंडावर ओढून घेतलं. वळवताना हातांवरची चादर सुटली. त्या म्हणाल्या, हात गार आहेत. लग्नाला अकरा वर्षं झाली. आमच्यात एवढं जवळून पहिलंच बोलणं.

२८ मार्च, गुरुवार
केंद्रात गेलो. जखमेचं औषध तेवढं घ्यायला. आत अकरा बायका. नाकिगांडाने वही उघडली. आजाऱ्याचं कोण करतं? म्हटलं, तसा मीच, परवापासून. बायका हसल्या. एकजण म्हणाली, परवापर्यंत चादरी कोण धूत होतं, भूत? मी. पेज? मी. नाकिगांडाने ‘कधीपासून’समोर लिहिलं, ४ मार्च. दुरुस्त करा म्हणालो नाही.
जखम भरेल का, विचारलं. हसणं थांबलं. नाकिगांडा म्हणाली, त्या मंगळवारी सांगितलं, त्याच गुरुवारी आला असतात तर.
त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने बाकावर सरकून जागा केली. शनिवारी मी येते, म्हणाली, कूस बदलताना दुसऱ्या बाजूने धरायला माणूस लागतो.