आभाळातून वजा करून उरलेलं

३ मार्च २००८
पुण्याहून पल्लवीचं सामान आलं — पुस्तकांची दोन खोकी, गादी, टेबलफॅन. ट्रान्सपोर्टचे तीनशे दहा, हमाल वीस. हमाल म्हणतो, "मावशी, दगड भरले का यात?"
सामानामागून लेक स्वतः आली. सात वर्षं आकाशगंगेवर संशोधन केलं, अन् आता गाईड सर म्हणतात, प्रबंधातलं शेवटचं प्रकरण काढून टाक, मगच पीएच.डी.

५ मार्च
विचारलं, सापडलंय तरी काय? तिनं नीट सांगितलं. उपग्रहानं सगळ्या आभाळाचा फोटो घेतलाय, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींचा. त्यातून धूळ वजा करायची, वायू वजा करायचा, जे जे माहीत ते सगळं वजा करायचं. तरी आकाशगंगेच्या मध्याभोवती धुक्यासारखं काही उरतंच. केवढं मोठं!
सर म्हणतात, ती तुझ्या वजाबाकीची चूक. ही म्हणते, धुकं खरं आहे; अन् खरं असेल तर एक दिवस गॅमा किरणांतही तिथंच दिसेल. तेच त्या प्रकरणात लिहिलंय.
हे नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "अन् न्हाई दिसलं तर?"
"तर मी चुकले, पप्पा."

१६ एप्रिल
शेजारच्या सोजराबाई आल्या.
"काय शोधून राहिली वो तुमची पोरगी?"
"आभाळातला उजेड."
"अगं माय! इथं आठ-आठ घंटे लाईट न्हाई, अन् हिला आभाळात उजेड पायजे!"
मीही हसले. पल्लवी आत होती. ऐकलं तिनं.

२० मे, वैशाख पौर्णिमा
खीर झाली. विहारात निघाले तर पल्लवी उंबऱ्यात. "आई, जे दिसलं ते न्हाई दिसलं म्हणून लिहून देऊ?"
तेहतिसावं चालू तिला. हे रिटायर झालेले. मी म्हणाले, "देऊन टाक बाई. मोकळी हो."
विहारात पंचशील घेताना चौथ्यावर आले — मुसावादा — खोटं बोलणार नाही — अन् जीभच उचलेना! लोक पुढं गेले.

४ जून
रोज सकाळी तेच. चौथं सोडून चार शीलं म्हणते अन् उठते.

९ फेब्रुवारी २००९
ते प्रकरण वगळून पल्लवीला पदवी मिळाली. हे म्हणाले, पेढे आणतो. ती म्हणाली, "कशाचे, पप्पा?"

२ मे
अंगणात झोपायला बाजा टाकल्या. पल्लवी आतच झोपते, गरमीत. आभाळाखाली नाही.

२४ नोव्हेंबर
संध्याचं पत्र आलं. पल्लवीची पुण्याची मैत्रीण, तिथंच संशोधन करते. पल्लवी फोन उचलत नाही म्हणून मला लिहिलं. नव्या उपग्रहाच्या फोटोंत गॅमा किरणांचंही धुकं निघालंय — तिथंच! मध्याभोवती! परदेशातल्या लोकांनी छापलं. "काकू, तिनं हे आधीच लिहिलं होतं, ते दाखवायला तिच्या त्या प्रकरणाची प्रत तातडीनं पाठवा."
संध्याकाळी पल्लवी वसमतहून आली, तिथं कॉलेजात तासिकेवर शिकवते. पत्र हातात दिलं. उभ्यानंच वाचलं. घडी घातली.
"कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"


२५ नोव्हेंबर
सकाळी माझ्याआधीच बंब पेटलेला. आत ते प्रकरण. वरचं पान काळं होऊन राहिलं होतं.
"दुसरी प्रत?"
"सरांकडं एक होती. त्यांनी कवाच टाकली असंल."
तिला न सांगता सरांना कार्ड टाकलं — पल्लवी मागणार नाही, मी मागते. तिचं काढलेलं प्रकरण आपल्याकडं आहे का नाही, तेवढं उलट टपाली कळवा.