डाव्या हाताची आरती

सोमवार, ३ तारीख

डाव्या हाताने ओवाळतायत! सगळ्याच्या सगळ्या.

संग्रहालयात चित्रांचे जुने छाप आलेत. दोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्याने काढलेली आपली शहरं, आपले सण. मराठी पाट्या लिहायचं काम माझं. अकरा झाल्या, बारावीपाशी हात थांबला. पालखी, गर्दी, ओट्यावर पाच बायका – पाचींचा ओवाळणारा हात डावा. पुजारी डाव्याने गंध लावतोय. दुकानाच्या फळीवर अक्षरांऐवजी मुंग्या सोडल्यात. खाली इंग्रजीत ठळक – ‘मूर्तिपूजकांचा धिंगाणा’. साहेबाला अख्ख्या गावात एक उजवा हात सापडला नाही?

मंगळवार, ४

संचालक म्हणाले, "मॅडम, चित्र आहे ते, फोटो नाही. एवढं काय मनावर घेता?" माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. अंगाचा तिळपापड झाला.

मी मूळची डावरी. शाळेत सिस्टर न रागावता माझ्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात ठेवायच्या. दिवसातून दहादा. किती मऊ हात होते त्यांचे. आई मात्र देवापुढे माझ्या डाव्या हातावर फटका मारायची. एवढं सोसून उजवा हात कमावला, आणि हा माणूस आम्हाला सरसकट डावं करून मोकळा!

वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. सिस्टरांनी लावलेल्या वळणात, एकही खाडाखोड नाही.

शुक्रवार, ७

छापून आलं. नणंदेचा फोन – "वहिनी, काय सोलून काढलंय साहेबाला!"

सोमवार, १०

चित्र प्रदर्शनातून काढलं. मालकाकडे परत जाणार. बरं झालं.

मंगळवार, ११

जुने कागद सांधणारे आप्पा दारात उभे. सहा महिने ते त्या एका चित्रावर बसले होते. "ताई, पर्समध्ये आरसा आहे?"

आरसा धरला. पाचही हात उजवे. गंध उजव्या हाताने. आणि फळीवरच्या मुंग्या – ‘दिव्याचें तेल’. अनुस्वारासकट! साहेबाला एक अक्षर वाचता येत नसणार, तरी तसंच्या तसं उतरवलंय.

"तांब्याच्या पत्र्यावर सरळ कोरलं की छापताना उलटं येतं," आप्पा म्हणाले. "चित्र कोरणाऱ्याने आळस केला. खालची ओळ विकणाऱ्याची, ती कोरणारा वेगळा. तो नाही चुकला."

आरशात ती इंग्रजी ओळ तेवढी मुंग्या झाली होती.

"आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठे? थेट पेपरात गेलात."

बुधवार, १२

संचालकांना म्हटलं, चित्र ठेवा. शेजारी आरसा लावा, त्या ओळीवर काय आसूड ओढायचा तो मी पाटीत ओढते.

"आता? मॅडम, लोक तुमच्या बाजूने आहेत."

बाजूने! दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या आळशाला शिव्या दिल्या, विकणाऱ्याला दिल्या, संचालकांना दिल्या. मग उरले मीच. पत्र लिहिण्याआधी दोन दिवस त्या चित्रासमोर बसले होते. नुसती बसले.

शनिवार, १५

प्रदर्शन उघडलं. बाराव्या जागी माझं पत्र लावलंय, काचेखाली. पाटी मीच लिहायची आहे.