खडक हलवायचा दिवस

४ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्या बिचाऱ्याला कुरकुरायला माझ्याशिवाय आहे कोण!

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर बघून दचकू नकोस. घरी फोन केला की बाबा ‘स्पीकर लाव, स्पीकर लाव’ करतात आणि मग आपण दोघं हवापाण्यावर बोलत बसतो. मेसेज पाठवावा तर तुझ्या आधी तेच चष्मा लावून वाचतात, वर त्यातल्या चुका काढतात. तेव्हा हेच बरं.

तुझं पत्र पोचलं, नीट वाचलं. तुझी बदली त्या डोंगरातल्या गार गावी झाली, तिथली हवा बाबांच्या दम्याला झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून त्यांना मी ठेवून घेईन का, आणि नाही जमलं तर त्या वृद्धाश्रमात नाव घालावं का, हे सगळं समजलं. उत्तर देते. पण आधी दवाखान्यातली गंमत ऐक.

आमच्या दातांच्या बाईंनी, म्हणजे डॉक्टरांनी, बाहेरच्या खोलीत समुद्री माशांची टाकी बसवलीय. खाऱ्या पाण्याची, आत खरेखुरे खडक, त्यावर पुढे जिवंत प्रवाळ वाढवायचे. कारण काय, तर पोरं. आतल्या मशीनचा आवाज आला की बाहेरची पोरं भोकाड पसरतात, आणि एकाचं ऐकून दुसरं. माझ्या काउंटरवर बसून बघ एकदा, कानठळ्या बसतील. मासे बघून पोरं गप्प बसतात असं बाईंनी कुठेसं वाचलं. टाकी आली, पंप आला, खास मिठाची पोती आली, आणि मासे आणायचं काम कोणाच्या गळ्यात? माझ्या. ‘तुम्हाला वेळ असतो,’ म्हणे!

त्यातून ती टाकी नवी. नव्या पाण्यात लगेच मासे सोडले तर मरतात. पाणी आधी मुरावं लागतं, म्हणजे खडकांत वाळूत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तयार व्हावे लागतात, ते माशांची घाण पचवतात. तोवर नुसती दगडांची टाकी, आत पंप घुर्रघुर्र. एका आजोबांनी बराच वेळ काचेला नाक लावलं आणि मला हळूच विचारलं, ‘पारदर्शक जातीचे आहेत का हो?’ मी ‘हो’ म्हणून टाकलं. त्यांची दाढ काढायची होती, कशाला आणखी दुखवा.

बाईंना हवा तो मोठा निळा मासा, पिवळ्या शेपटीचा, पोरांना सिनेमातून ओळखीचा. मी साफ नाही म्हटलं. तो वाढतो ताटाएवढा, त्याला पोहायला मैदान लागतं, आणि जरा पाणी बिघडलं की अंगावर पांढरे ठिपके येऊन आडवा. पहिल्या वर्षी आपल्याकडून चुका होणार म्हणजे होणारच. तेव्हा मासा असा हवा की आपल्या चुका पोटात घालेल, लहान राहील, कोरडं खाणं खाईल, प्रवाळाचे लचके तोडणार नाही, आणि गेलाच तर बाई माझ्या पगाराकडे बघणार नाहीत. मासेवाला मात्र प्रत्येक माशाला ‘टिकाऊ’ म्हणतो. त्याच्या दुकानात उताणा तरंगणारा मासासुद्धा टिकाऊ.

बघ, लिहिता लिहिता कागद संपला की. तुझ्या प्रश्नाचं पुढच्या पत्रात लिहिते. पोरांना पापे, तुझ्या बायकोला सांग की तिने पाठवलेला स्वेटर मला अगदी मापात बसला.

तुझी
ताई

---

२६ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती. ‘माशांचं कळलं. बाबांचं काय?’ सोबत वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक. पाहिलं मी ते. बाग छान आहे. बाकावर बसलेले सगळे आजोबा एकसारखे हसतायत, फोटोवाल्याने हसा म्हटल्यासारखे. बाबा असे कोणी सांगितलं म्हणून हसल्याचं तुला आठवतं का?

पत्रक मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग काढून पिशवीत ठेवलं. आता ते कुठे आहे ते आठवत नाही.

इकडे मी मोठी चूक करून बसलेय. पाणी मुरलं, तपासून झालं, आणि मासेवाल्याने डॅमसेल जातीचा एक मासा काढून दिला. बोटाएवढा, निळाभोर, अगदी स्वस्त. ‘ताई, हा दगडासारखा टिकतो.’ त्यात काही खोटं नाही. पहिल्याच आठवड्यात आमच्या मदतनीस मुलीने मीठ जास्त टाकलं, एकदा पंप बंद राहिला, एका पोराने टाकीत बिस्किट टाकलं. हा ढिम्म. आपल्या खडकातल्या भोकाच्या तोंडाशी उभा, छाती काढून. मी त्याचं नाव हवालदार ठेवलं. बाई म्हणाल्या, ‘तुमची निवड चांगली हं.’ मीही जरा मिरवून घेतलं.

मग आणली क्लाउनफिशची जोडी. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची, टाकीतच जन्मलेली, त्यामुळे ती पण काटक. सोडल्याबरोबर हवालदार जो धावला! सगळी टाकी त्याची. खडक त्याचे, वाळू त्याची, पाण्याचा फवारासुद्धा त्याचा. ती दोघं बिचारी वरच्या कोपऱ्यात नळीमागे चिकटून, शेपट्या कुरतडलेल्या. खायलाही खाली येईनात. आणि पोरं? पोरं आधी मशीनला घाबरून रडत होती, आता ‘तो मारतोय त्यांना’ म्हणून रडतात. एकीने तर माझ्याकडे तक्रार नोंदवली.

मासेवाल्याला फोन केला. म्हणतो कसा, ‘हां, तो शेवटी सोडायचा असतो. गरीब मासे आधी, भांडखोर शेवटी.’ आता सांगतोय! माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. बाहेर काढावा तर सगळे खडक उपसल्याशिवाय तो हाती लागत नाही.

घरी आले, चहा केला, खिडकीपाशी पलंगावर बसले आणि हवालदाराचा विचार करता करता मलाच हसू फुटलं. मग हसू गेलं. छोट्या, तो वाईट नाही रे. कोणी नव्हतं तेव्हा तो आला, एकट्याने सगळं बसवलं, प्रत्येक भोक त्याच्या ओळखीचं. आता कोणी येऊन त्याच्या दारात उभं राहिलं तर त्याचं डोकं फिरणारच की.

बरं, लिहूनच टाकते. मला बाबा नकोत असं नाही. मला कोणीच नकोय. मला एकटं राहायला आवडतं, आणि हे मोठ्याने म्हणायची लाज वाटते. लोक ‘एकटी असते बिचारी’ म्हणतात आणि मी मान डोलावते. पण संध्याकाळी दवाखान्यातून आले, कडी लावली, की मला जे सुख होतं ना, ते मी कोणाला सांगितलं नाही. ओट्यापाशी उभ्याने पातेल्यातूनच जेवते. रेडिओ नाही, टीव्ही नाही. ‘कुठे गेली होतीस, किती वेळ’ विचारणारं कोणी नाही. मागे बाबा राहायला आले होते तेव्हा त्यांनी माझे डबे उंचीनुसार लावले होते आठवतंय? ते गेल्यावर सगळे परत लावेपर्यंत मला चैन पडलं नाही. आणि त्यांना पेपर मोठ्याने वाचायची सवय. मी त्यांना दोन दिवसांत टाकून बोलेन, ते अबोला धरतील, आणि म्हातारपणी त्यांना माझ्या घरात नळीमागे चिकटून राहावं लागेल. त्याची मला भीती वाटते. त्यापेक्षा तो बाग असलेला आश्रम बरा की काय, असंही मनात आलं. आलं, ते लिहिलं. रागावू नकोस.

अजून हो म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. थोडं थांब.

तुझी
ताई

---

१५ मार्च

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पूर्ण वाच, मध्येच मीटिंगला पळू नकोस.

मागचं पत्र टाकलं त्या रविवारी मी फोन केला तेव्हा तू दूध आणायला खाली गेला होतास. बाबांनीच उचलला. स्पीकर लावायला कोणी नव्हतं, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. मला वेळ मारून न्यायची होती म्हणून मी हवालदाराची कथा लावली. अरे, केवढे हसले! खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, ‘अगं, माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी असा असायचाच.’

‘मग तुम्ही काय करायचात? अंगठे धरायला लावायचात?’

‘छे. त्याने आणखी चढतात. नवा पोरगा वर्गात आला की मी बाकं फिरवायचो. सगळी. एकट्या दांडगोबाची जागा बदलली तर त्याचा अपमान होतो. सगळ्यांचीच बदलली की कोणाचाच होत नाही. आणि त्या वेळात दांडगोबाला खडू आणायला पाठवायचं. तो येईपर्यंत नवा बसलेला असतो.’

मी म्हटलं, ‘बाबा, मासे आहेत ते, सहावी ब नाही.’

‘करून तर बघ,’ म्हणाले.

मग आवाज एकदम खाली आला. मला वाटलं फोन कटला. तर म्हणाले, ‘हे बघ, तुमचं दोघांचं काहीतरी शिजतंय. तो माझ्यासमोर बोलत नाही, तू मासे सांगत बसतेस. मी म्हातारा झालोय, बुद्दू नाही झालो. मला कुठेही टाका. फक्त खिडकीजवळ टाका, म्हणजे झालं.’

छोट्या, तेवढ्यात तू आलास आणि स्पीकर लागला, आणि आपण उकाड्यावर बोललो.

दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही खडक हलवले. बाई, मदतनीस मुलगी आणि मी. बादल्यांत टाकीतलं खारं पाणी काढलं, एकेक खडक उचलून त्यात ठेवला. हवालदार शेवटच्या खडकातसुद्धा आत दडून. शेवटी चहाच्या मोठ्या गाळणीत सापडला. त्याला वेगळ्या बादलीत ठेवला, झाकण लावून. मग खडक सगळे नव्याने रचले. जिथे गुहा होती तिथे मोकळी वाळू, जिथे वाळू होती तिथे कमान. बाई म्हणाल्या, ‘यापेक्षा दात बसवणं सोपं.’ आधी क्लाउनची जोडी सोडली. मग नवा आणलेला एक छोटा गोबी, वाळू चाळत बसणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि रुपेरी अंगावर काळे पट्टे असलेला कार्डिनल, एका जागी तरंगत राहतो, ध्यानाला बसल्यासारखा. सगळे स्वस्त, सगळे काटक. त्यांना दुपारभर फिरू दिलं. कोणी कुठे, कोणी कुठे, आपापल्या जागा धरल्या. आणि मग हवालदाराला आत सोडला.

मी काचेला नाक लावून उभी, त्या आजोबांसारखी.

तो गेला तडक जुन्या भोकाकडे. भोक तिथे नाही. वळला, दुसरीकडे गेला, तिथे जोडी बसलेली. थबकला. अरे, पाहुण्यासारखा चेहरा झाला होता रे त्याचा! मग कडेकडेने सगळ्या टाकीला एक चक्कर मारली आणि मागच्या बाजूची एक लहानशी फट धरून बसला. आता दुसरा आठवडा चाललाय. साधू झालाय असं नाही. खायच्या वेळी अजून एखादी धडक देतो. पण बाकीचे आता पळत नाहीत, नुसते बाजूला होतात. जोडी खालपर्यंत येऊन खाते. शेपट्या भरून आल्यात. पोरं एवढी गप्प बसतात की आत बोलावलं तरी उठत नाहीत, तो नवाच ताप.

आता तुझ्या प्रश्नाचं.

बाबांना घेऊन ये. आश्रमाला नको म्हणून कळव.

मी काय केलंय ते सांगते. माझा पलंग खिडकीपासून काढून आतल्या खोलीत नेला. खिडकीजवळ बाबांचा. कपाट भिंत बदलून ठेवलं, टेबल फिरवलं, ओट्यावरचे डबे सगळे खाली काढून ठेवलेत, लावलेले नाहीत. काल पाणी प्यायला उठले तर कपाटाला धडकले. माझ्याच घरात मला काही सापडेना. राग आला, मग हसू आलं, मग बरंसुद्धा वाटलं. पेपर त्यांनी मोठ्याने वाचावा, मी आतल्या खोलीचं दार लोटून घेईन, आणि त्याचा त्यांनी राग मानायचा नाही, हे मी त्यांना आल्याबरोबर सांगणार आहे. उभ्याने जेवण मात्र मी सोडणार नाही.

तुम्ही पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने या. मी स्टेशनवर येणार नाही, घरीही नसेन. दवाखान्यात असेन. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. तू त्यांना घेऊन आत जा. त्यांना हवं तिथे त्यांचं सामान लावू दे, हवे तसे डबे लावू दे, उंचीनुसार तर उंचीनुसार. खिडकीपाशी बसू दे. घाई करू नकोस. ते घरात चांगले रुळले की मी संध्याकाळी येईन आणि बेल वाजवीन.

दार तू उघडायचं नाहीस. बाबांना उघडू दे.

आणि मधे त्यांनी विचारलंच, ‘ही कुठे गेली?’, तर सांग, खडू आणायला गेलीय. त्यांना कळेल.

दोघांची वाट बघणारी,
तुझी
ताई