यंदा ट्यूब बदलू नये

२ फेब्रुवारी, सकाळ
लिहायला उशीर झाला, माफी असावी. चौदा महिने उशीर. माशाच्या टाक्याची ही वही तुझी. तू गेल्यावर तिच्यात लिहायला हात धजेना, आणि माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण काल लेकीचा फोन आला. वीस तारखेला नातीला घेऊन येतेय. नातीला भाऊजींना बघायचंय. आजपासून नोंदी रोज. खाडा नाही.

६ फेब्रुवारी
तीन दिवस खाडा. गुडघा.
परसातल्या टाक्याचं पाणी हिरवंगार. बोट बुडवलं तर नख दिसत नाही. भाऊजी तळाशी असणार. त्या नारिंगी माशाला भाऊजी हे नाव तूच ठेवलंस. एरवी पत्ता नाही आणि जेवायच्या वेळी बरोबर हजर, माझ्या धाकट्या भावासारखा. भाऊ अजून रुसलेला आहे.
हल्ली भाऊजी जेवायलाही वर येत नाहीत. वय झालं. पण सकाळी टाकलेले दाणे संध्याकाळी दिसत नाहीत, म्हणजे भूक उत्तम.
पाणी आठवड्यात निवळून दाखवतो. काळजीचं कारण नाही.

८ फेब्रुवारी
यूव्हीचा डबा तपासला. पंप टाक्यातलं पाणी ओढतो, ते डब्यातल्या ट्यूबजवळून जातं, त्या उजेडात शेवाळ मरतं, पाणी निवळून परत येतं. हे तू मला दहादा समजावलंस. अकराव्यांदा विचारलं तेव्हा ओरडलीस.
डब्याच्या खिडकीतून निळा उजेड दिसतो. म्हणजे दोष ट्यूबचा नाही. शिवाय वहीतली तुझी शेवटची ओळ, थरथरत्या अक्षरात: 'यंदा ट्यूब बदलू नये.' खाली दोन रेघा. तेव्हा तुला उशीवरून मान उचलवत नव्हती, तरी दोन रेघा मारल्यास. काहीतरी कारण असणारच. बदलणार नाही. विषय संपला.

९ फेब्रुवारी, तिन्हीसांजा
टाक्यात डुबुक आवाज.
जाऊन बघितलं तर पाण्यावर दोन डोळे. माशाचे डोळे दोन बाजूंना असतात. हे जोडीनं वर आले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, कोण? डोळे गेले.
मी घाबरलेलो नाही. दार लावून घेतलं ते वाऱ्यामुळे. वारा नव्हता, पण सुटला असता.

११ फेब्रुवारी
माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काका, तुमची ट्यूब कधीच गेली. मी म्हटलं, अहो, पेटलेली आहे, मी रोज बघतो. तो म्हणाला, तो निळा उजेड नुसता शोभेचा. ट्यूब वर्षभरात दमते, तरी पेटलेली दिसत राहते. मारणारा उजेड वेगळा, तो डोळ्यांना दिसतच नाही. वर बजावलं की ट्यूब डब्याबाहेर पेटवून बघत बसू नका, उरलेली नजर जाईल.
मी विचारलं, त्या उजेडात काय काय मरतं? म्हणाला, पाण्याबरोबर डब्यातून जाणारं सगळं बारीकसारीक. मी विचारलं, म्हणजे किती बारीक? म्हणाला, घाबरू नका काका, माशाला काही होत नाही.
मी माशाचं विचारतच नव्हतो.
घरी येईपर्यंत डोक्यात तेच. दिसतंय ते गेलेलं, आणि आहे ते दिसत नाही. दोन पेले पाणी प्यायलो.

१२ फेब्रुवारी
ट्यूबला हात न लावता पाणी निवळायचा पक्का निर्धार. अर्धं टाकं बादलीनं उपसलं, नळाचं पाणी दोन दिवस पिंपात ठेवलेलं होतं ते भरलं. कंबर गेली.

१४ फेब्रुवारी
पुन्हा हिरवं.
लिंबाच्या कुंडीला मात्र यंदा बहर बघण्यासारखा. माझ्या हाताला गुण आहे, तू मानत नव्हतीस. शेजारच्या वहिनींना चार लिंबं द्यायला गेलो, त्यांनी हात मागे घेतला. आंबट सोसत नाही म्हणे. लोणचं कसं खातात मग?

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
नवी ट्यूब आणली. आणली म्हणजे बसवणार असं नाही. फुटू नये म्हणून तुझ्या साड्यांत ठेवली आहे.
टाक्यापाशी जाऊन विचारलं, पोरगी लांबून येतेय, बदलू का? डुबुक. डोळे वर आले. बोलणं काही नाही. तू गप्प बसलीस की तो होकार असायचा की नकार, हे मला चाळीस वर्षांत कळलं नाही, आता काय कळणार.

१६ फेब्रुवारी
बदलली. बटण बंद केलं, वायर काढली, दोनदा खात्री केली, तिसऱ्यांदाही केली. ट्यूबवरच्या काचेच्या नळीवर पांढरा थर होता, तो पुसला. माझ्याच्यानं जमलं. डबा बंद करताना तुझी माफी मागितली, मोठ्यानं.
वहिनी भिंतीपलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, हे काय करताय? त्यांनी बदलू नका म्हणून लिहून ठेवलंय ना!
मी ही वही कोणाला दाखवलेली नाही. यांना कसं कळलं?

१९ फेब्रुवारी, सकाळ
पाणी निवळलं. तळ दिसतोय. तळाशी चौदा महिन्यांच्या दाण्यांचा चिखल, आणि चिखलावर पोट पसरून एक बेडूक. डोळे तेच.
भाऊजी नाहीत. पंपामागे बघितलं, विटेखाली बघितलं. नाहीत.

१९ फेब्रुवारी, दुपार
वहिनी स्वतःहून आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, भाऊजी, भाऊजी गेले. क्षणभर वाटलं, मीच गेलो, आणि निरोप मला आधी मिळाला.
तू जायच्या पंधरा दिवस आधी मासा गेला. तूच वहिनींना खिडकीतून सांगून लिंबाच्या कुंडीत पुरायला लावलास. वहिनींना म्हणालीस, एका महिन्यात दोन यांना झेपायचे नाहीत, पाणी हिरवं राहील तोवर यांना कळायचं नाही, आणि दाणे टाकायला उठावं लागेल. आणि वही मागून घेतलीस.
म्हणून वहिनी लिंबं घेत नव्हत्या. मी मात्र रोज सरबत प्यायलो.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
लेक आणि नात आल्या. नात धावत टाक्याशी गेली आणि ओरडली, आजोबा, भाऊजींना पाय आलेत!
मी म्हटलं, हो, वय झालं की येतात. लेक माझ्याकडे बघत राहिली. बोलली नाही. अगदी तुझ्यावर गेली आहे.
आता झोपल्या आहेत दोघी, प्रवासानं दमल्या. मी टाक्यापाशी बसलोय. पाणी इतकं स्वच्छ आहे की त्यात माझ्याशिवाय कोणी दिसत नाही. सकाळी सवयीनं दाणे टाकले. बेडकानं बघितलंसुद्धा नाही.
ट्यूब चालू ठेवू की बंद करू, तेवढं कळव. लवकर कळव. पाणी पुन्हा हिरवं व्हायलाही दिवस लागतात.