भाताला रात लागते

आत्या,

तुला लिहायचं मी तुझ्या तेराव्यालाच ठरवलं होतं. तेव्हा वही मिळाली नाही. वही मिळाली तर वटारला केळीच्या ट्रकवर काम लागलं. तिथून परत आलो तर म्हटलं, पाडवा होऊ दे. पाडवाही होऊन गेला. खरं सांगू? टाळत होतो. एक तर दहावीला मराठीत नापास झालेला माणूस मी, गेलेल्या माणसाला काय लिहिणार? आणि दुसरं म्हणजे, लिहायला बसलं की दिव्याचं लिहावं लागणार.

आज दुपारी खांबावर चढून दिवा उतरवला. म्हणून आज लिहितोय.

तोच, अंगणातला. आठवतं, कसा आणला होता? हायवेवर रस्त्याचे दिवे बसवणाऱ्या ठेकेदाराकडे मी महिनाभर होतो. त्याने जुना सोडियमचा दिवा देऊन टाकला. विरारहून आपल्या चांदीपपर्यंत एसटीत मांडीवर धरून बसलो होतो, मूल घेऊन बसावं तसा. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढू का?" सगळी गाडी हसली. त्याआधी तू अंधारात बांधावरून घसरली होतीस, पाय सुजला होता. मी म्हटलं, आता आत्याच्या अंगणात रात्र होणारच नाही.

श्रावण होता. पहिल्यांदा बटण दाबलं, तेव्हा तो आधी गुलाबी झाला, मग हळूहळू पिवळा. तू पदराने डोळे झाकलेस. म्हणालीस, "आगं बया, संत्या, इतका उजेड कोनाला रं?"

मी म्हटलं, तुला.

दिव्याखाली किड्यांचा नुसता खच पडायचा. सकाळी तू सुपाने भरून कोंबड्यांना टाकायचीस. एक बेडूक तर खांबाच्या बुडाशीच मुक्कामाला आला, खाऊन खाऊन इतका जाडा झाला की त्याला उडी मारता येईना. त्याला आपण काय नाव ठेवलं होतं ते लिहीत नाही, तो पुढारी अजून आहे. मी परत भरकटलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मुद्द्यावर ये, भाकर करपतेय."

मुद्दा असा की उजेड अंगणात थांबला नाही. तो बियाण्याच्या खाचरात गेला.

सगळ्या गावाने सुधारित हळवं भात धरलं, लवकर तयार होणारं. तूही बाकीच्या शेतात तेच लावायचीस. पण घरामागच्या त्या एका खाचरात तुझ्या सासूकडून आलेला गरवा असायचा, सगळ्यात उशिरा पिकणारा, शिजताना वासाने कुत्रं दारात येऊन बसेल असा. नव्यापुरता, पाहुण्यापुरता आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यापुरता. दारावर नव्या लोंब्यांची जुडी, म्हणजे नवं, गाव दसऱ्याला बांधतो, तू दिवाळीपर्यंत थांबायचीस. "हळव्याचं नवं कसलं आलंय," म्हणायचीस.

त्या वर्षी दिवाळी सरल्यावर मी रात्री आलो. एसटीतून उतरलो तर लांबूनच आपला दिवा दिसला. पार अंधारात एकच पिवळा ठिपका. इतकं बरं वाटलं होतं आत्या, कसं सांगू. आजवर कुठल्याच गावात माझ्यासाठी कोणी दिवा लावून ठेवला नव्हता.

सकाळी बघतो तर सगळीकडे कापणी चाललेली आणि आपलं खाचर हिरवंगार. कमरेएवढं. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. म्हणालो, "बघ आत्या, माझ्या दिव्याने भात कसं तरारलंय."

तू हसलीस. "हो रं," म्हणालीस, आणि चहा टाकायला आत गेलीस.

का हसलीस? एक थोबाडीत का नाही मारलीस? दारावर त्या वर्षी नवं बांधलं नव्हतंस, मागच्या वर्षीचंच लोंबत होतं. मी त्याच्याखालून वाकून आत-बाहेर करत होतो आणि मला दिसलं नाही. लोंबी नसलेलं भात म्हणजे नुसतं गवत, एवढं तर मला कळायला हवं होतं. ज्या घरात वाढलो त्या घरात.

मी गेल्यावर तू ते कापून बैलांना घातलंस. हे मला तेराव्याला वच्छीकाकीने सांगितलं, शेजारच्या काशाकाकाच्या बायकोने. काका स्वतः आला नाही. आला असता तरी बोलला नसता. आपला उजेड त्याच्या बांधालगतच्या ओळींवरही पडायचा, त्याही उशिरापर्यंत हिरव्या राहिल्या. वच्छीकाकी म्हणाली, काका बांधावर येऊन तुला सांगून गेला होता. "वैनी, दिवा मालव. पोराला झोप लागते तशी भाताला रात लागते. रात मोठी व्हायला लागली की त्याला कळतं, आता पोटरीला यायचं, लोंबी धरायची. तू रातच ठेवली नाहीस, त्याने काय करायचं?"

आणि तू म्हणालीस, "माजा संत्या रातीचाच येतो. अंधारात त्याला घर कसं गावंल?"

तुमची दोघांची भांडणं झाली. इतकी वर्षं एक बांध, एक बैलजोडी, आणि माझ्यापायी अबोला.

म्हणजे तुला ठाऊक होतं. सासूचं बियाणं डोळ्यांदेखत चाललंय हे दिसत होतं, आणि तरी रोज तिन्हीसांजेला तू बटण दाबत राहिलीस. मी कुठे होतो? कधी वापी, कधी नाशिक, कधी नुसताच. माघात तू तापाने पडलीस, तेव्हा नालासोपाऱ्याच्या एसटीडी बूथवर निरोप ठेवला होता म्हणे. त्या बूथजवळची खोली मी कधीच सोडली होती. घर गावायला दिवा होता गं, मीच नव्हतो.

तेराव्याला आलो तेव्हा तो दिवसाढवळ्याही जळत होता. मालवायचं कोणाला सुचलं नव्हतं. मग माझाही हात होईना. वाटायचं, बंद केला की तू वाट बघायची थांबशील. असा जळू दिला चार महिने, मी नसतानाही.

उंबराची दिव्याकडची बाजू यंदा झडलीच नाही. रोहिणी संपत आल्या तरी भोकराच्या झाडावर एक काजवा नाही. लहानपणी तू मला काजव्याचं झाड दाखवायला उठवायचीस. आणि मी एकटाच नाही हे करणारा. पश्चिमेला बघ, विरारचं आभाळ रात्रभर तांबूस असतं, रिकाम्या बिल्डिंगींच्या गेटवरसुद्धा दिवे. मालगाडीवरून कोळसा जाताना मी खूप पाहिलाय, वाघिणीमागून वाघिणी. तो जाळायचा, धूर वर सोडायचा, मग उन्हाळा वाढला म्हणून कुरकुरायचं. आणि त्यातला इतका उजेड असा, ज्याची कोणी वाट बघत नसतं. तुझा दिवा निदान कोणासाठी तरी होता.

आता ऐक. परवा दाराची चौकट झाडताना ते जुनं नवं हातात आलं. धुराने काळं झालेलं. बाहेरचे दाणे चिमण्यांनी नेले होते, आतले होते. दोन वर्षांचं भात, मोड येत नाहीत म्हणतात. तरी वाटीत भिजवलं, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलं, तू ठेवायचीस तसं. आज सकाळी सोडून बघितलं. सात दाण्यांना मोड आलेत. बाकीचे कुजले.

सातच. पण ते बघितल्यावरच खांबावर चढलो.

तर आत्या, शब्द देतो. हे सात मी त्याच खाचरात लावणार, आणि लोंबी येईपर्यंत इथून हलणार नाही. माझ्या शब्दाची किंमत तुला माहीत आहे, म्हणून शपथ घालत नाही. पण भाताला त्याची रात मिळेल. एवढं माझ्याकडून नक्की.

थांब, अंगणात कोणीतरी खाकरलं.

काशाकाका आहे. कंदील घेऊन आलाय. पायरीखाली उभा राहून म्हणाला, "अंधार दिसला म्हनून आलो. दिवा गेला काय रं?"

म्हटलं, "काढला. आत्याच्या गरव्याच्या सात दाण्यांना मोड आलेत."

त्याने वर खांबाकडे पाहिलं. मग कंदिलाची वात बारीक केली, ओट्यावर बसला आणि आता वाटी मागतोय. त्याला दाणे दाखवतो.

तुझा,
संत्या