पुढे वाट नाही

गुरुजी,

मला तुमच्या मोडलेल्या हाताविषयी लिहायचं आहे. दगडावरून पाय घसरला असं तुम्ही शाळेत सगळ्यांना सांगितलंत, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या दगडांवर तुम्हाला मी नेलं होतं, आणि मुद्दाम नेलं होतं. आज मी तुमच्या तेव्हाच्या वयाहून पुष्कळ मोठा आहे, संस्थान जाऊनही काही वर्षं झाली, आणि ही गोष्ट मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही.

मी साखरशेतहून जव्हारच्या शाळेत आलो, तेव्हा तुम्ही नुकतेच पुण्याकडून आला होता. चित्रकला आणि कवायत शिकवायचात. आमच्या घरची बोली वेगळी, शाळेची मराठी बोलताना माझी जीभ अडखळायची, म्हणून मी फारसा बोलायचो नाही. पाहायचो मात्र सगळं. घरी जाऊन आलेल्या मुलाला तुम्ही आधी विचारायचात, कुठल्या वाटेनं आलास, मध्ये पाणी कुठे लागलं, त्या टेकडीला काय म्हणतात. बाकीच्या मुलांना वाटायचं, गुरुजींचा जीव आहे आपल्यावर. मला दिसायचं ते एवढंच, की मूल पाठमोरं झालं की तुम्ही खिशातली काळी वही काढून काहीतरी टिपून ठेवता. आदल्या वर्षी आमच्या शेजारच्या पाड्यावर असाच एक कागदवाला माणूस आला होता. दोन दिवस गोड बोलला, कोंबडी जेवला, आणि पावसाळ्याच्या आत जंगलाचे शिपाई येऊन हद्दीचे दगड रोवून गेले. दगडांच्या आत कोयता चालवायचा नाही, नाचणी पेरायची नाही. त्या पाड्यातली तीन घरं उठून मोखाड्याकडे निघून गेली.

दाभोशाला नदीकाठी चार दिवस तळ टाकायचा, असं तुम्ही जाहीर केलंत तेव्हा मुलं नाचली. दरबाराकडून राहुट्या मिळणार होत्या, होकायंत्र मिळणार होतं. दरबार मुलांच्या खेळासाठी राहुट्या कशाला देईल, हा प्रश्न माझ्याशिवाय कुणालाच पडला नाही. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ दोर वळत बसला. मग म्हणाला, "वाट इचारली तर सांग. झरा इचारला तर सांग. पन मामाचं रान दावू नको." माझा मामा दाभोशाच्या वरच्या अंगाला, टेकडीपलीकडच्या उतारावर राहायचा. झाडं छाटायची, जाळायची आणि त्या राखेत नाचणी पेरायची, असं त्याच्या बापापासून चाललेलं होतं. कागदावर मात्र तो उतार दरबाराचा होता.

पहिले दोन दिवस, खरं सांगतो, मी सुखात होतो. कंबरभर पाण्यातून दोर धरून पलीकडे जायचं, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवायचा, सुईची दिशा पाहून आपली राहुटी शोधायची. शहरातली मुलं भाताला कडू धूर लागू द्यायची आणि माझ्याकडे पाहायची. तुम्ही म्हणालात, "याला विचारा, याला सगळं येतं." शाळेत असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी फुगलो, आणि लगेच मनात आलं, हे आपल्याला फुगवतायत कशासाठी?

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कळलं. तुम्ही नकाशा पसरून बसला आहात, आम्ही सहा मुलं भोवती. टेकडीमागून धुराची बारीक रेघ वर चढते आहे. तुम्ही मला विचारता, "पलीकडे वस्ती आहे का रे?"

"नाही गुरुजी. कडा आहे."

"मग धूर कसला?"

"गुराखी असतील."

तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत. मग नकाशाची गुंडाळी केलीत आणि म्हणालात, "चला, पाहून येऊ. तू पुढे हो."

सरळ वाट होती. अर्ध्या तासात मामाच्या अंगणात पोहोचलो असतो. मी तुम्हाला डावीकडे वळवलं, कोरड्या ओहोळातून. तिथले दगड पावसाळ्यानंतर बसलेले नसतात, पायाखाली फिरतात, हे मला ठाऊक होतं. दमून परत फिराल, एवढाच माझा हिशेब होता. पण तुम्ही दमेनात. ऊन डोक्यावर येईपर्यंत चढत राहिलात, आणि शेवटी एक मोठा दगड कलला. तुम्ही उजव्या हातावर पडलात. मनगट कसं वाकलं होतं ते मला अजून दिसतं. तुम्ही ओरडला नाहीत. नुसते खाली बसलात, तोंड पांढरं पडलेलं, आणि म्हणालात, "मुलांनो, घाबरू नका."

दाभोसा गाव मागे दोन तासांवर आणि उतरायचं त्याच दगडांवरून. एक मुलगा रडायला लागला. तुमच्या कपाळावरचा घाम पाहून माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणालो, "गुरुजी, वर माझा मामा राहतो. हाड बसवतो." तुम्ही मान वर केलीत. "कड्यावर?" एवढंच विचारलंत. मी तुमचा डावा हात खांद्यावर घेतला आणि वर चढायला लागलो.

मामानं मनगट ओढून बसवलं, पाल्याचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या. मामीनं सगळ्यांना नाचणीची पेज दिली. पुढ्यात तो काळा जळका उतार, कापलेल्या नाचणीची खुंटं, नव्यानं छाटलेली झाडं, सगळं उघडं पडलेलं होतं. तुम्ही ते पाहत होता आणि मामा तुम्हाला पाहत होता. शेवटी मामा म्हणाला, "गुरुजी, येवढं लिवू नका."

"हात मोडलाय," तुम्ही म्हणालात, "लिहू कशानं?"

मामा हसला. मला हसू आलं नाही. हात काय, महिन्याभरात बरा होणार होता.

तळावर परतल्यावर संध्याकाळी तुम्ही मला राहुटीत बोलावलंत. काळी वही आणि पेन्सिल पुढे सरकवलीत. "आजचं तू लिही. टेकडीपलीकडे काय आहे?" मी पेन्सिल धरून बसलो. तुम्ही घाई केली नाहीत. मी लिहिलं, "कडा आहे. पुढे वाट नाही." तुम्ही वही ओढून घेऊन वाचलंत, "अक्षर सुधारलंय," म्हणालात आणि ती मिटून ठेवलीत. गुरुजी, त्या क्षणी मला पाया पडावंसं वाटायला हवं होतं. पण बाहेर येताना मी विचार करत होतो, की यांनी हे खोटं माझ्या अक्षरात का घेतलं? उद्या दरबारात दाखवायला?

दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मामाच्या उतारावर हद्दीचे दगड आले. मामा आमच्या घरी येऊन राहिला, मग दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायला लागला. कुणी सांगितलं असेल, याचा विचार करायला मला एक पळही लागला नाही. त्या अंगणात आणखी पाच मुलांनी पेज प्यायली होती, त्यांच्या घरी बाप, काका, ओळखीचे शिपाई होते. पण मला तुम्हीच दिसलात. वर्गात मी तुमच्याकडे पाहायचं सोडलं. तुम्ही कारण विचारलं नाहीत, हाही मी पुरावा धरला. तुम्ही विषमज्वरानं पडलात तेव्हा निरोप पाठवला होतात, भेटून जा म्हणून. मी वसतिगृहातच होतो, दोन गल्ल्या पलीकडे. परीक्षेचा अभ्यास आहे असं कळवलं. आठ दिवसांनी शाळेला सुट्टी दिली, तेव्हा तुम्ही गेल्याचं समजलं.

पुढे मी कचेरीत कारकून झालो. संस्थान विलीन झाल्यावर जुनी दप्तरं लावायचं काम माझ्याकडे आलं. त्यात जंगलाच्या हद्दीचे कागद होते. मामाच्या उताराचं नाव दिसताच मी आधी तुमचं अक्षर शोधलं, आणि ते सापडलं. जरा समाधानच वाटलं. मग वाचायला घेतलं. तो अर्ज होता, दगड येण्याच्या आधीचा. इतकी वर्षं ही जमीन आमच्या घराण्याकडे आहे, ती आमच्या नावे लावून द्यावी, अशी दरबाराला विनंती. लेखक म्हणून खाली तुमची सही आणि बाजूला मामाचा अंगठा. अर्जावर शेरा एका ओळीचा: पाहणी करून हद्द कायम करावी.

मी त्याच रविवारी मामाकडे गेलो. आता तो फार थकला आहे, डोळ्यांनी दिसत नाही. मी अर्जाचं नाव काढलं. तो म्हणाला, "मीच गेलतो गुरुजींकडं. ते नको म्हनत व्हते. म्हनले, कागद गेला की मानसं येतील. मी आयकलं नाय. पोरांच्या नावावर व्हईल, असं वाटलं मला."

"मग मला का नाही सांगितलंस? मी त्यांच्यावर राग धरून होतो."

"ठाव व्हतं," मामा म्हणाला. "तेवढा राग माझ्यावर नव्हता ना."

मी चिडलो नाही. म्हाताऱ्या माणसावर काय चिडायचं? मामीनं चहा दिला, तो घेतला आणि निघालो. हे पत्र लिहायला त्याच आठवड्यात बसलो, तुमची क्षमा मागायची म्हणून, आणि ती मागतो. ओहोळाबद्दल मागतो, शेवटच्या निरोपाबद्दल मागतो. पण हा कागद मी नंतर फाडून टाकणार आहे, तेव्हा यात खोटं लिहिण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मामाच्या घरून जव्हारकडे चालत येताना, अर्ध्या वाटेवर, मला वाटून गेलं, की अर्ज करायचं मामाच्या डोक्यात आधी घातलं कुणी असेल?