चौदावी काठी

३० नोव्हेंबर, रविवार

हायब्रिड आलं. हर्षालीनं, स्पर्धांमध्ये माझ्याविरुद्ध खेळणाऱ्या मैत्रिणीनं, स्वतःचं पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिलं होतं, भूमला स्टँडसमोर उतरवून घेतलं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, छत्री म्हणून बघितली, तर उघडंना." म्हणजे वाटेत त्यानं प्रयत्न केला होता.

गोल्फच्या पिशवीत चौदाच काठ्या चालतात. माझ्या तेरा पक्क्या आहेत. चौदाव्या जागेवर आजवर पप्पांनी दिलेलं तीन नंबर – जुनी, लांब दांड्याची, पातळ लोखंडी पात्याची आयर्न. आता त्याच जागेवर हे जाड, पोकळ डोक्याचं हायब्रिड बसू शकतं. दोन्हींचा कोन जवळजवळ सारखा. फरक वजन कुठं आहे याचा. हायब्रिडचं खाली आणि मागं, म्हणून चेंडू आपसूक वर चढतो. आयर्नला चेंडू अगदी मध्यावर लागावा लागतो, नाहीतर मनगटापर्यंत झिणझिण्या. हायब्रिड थोडी चूक पोटात घालतं.

पप्पांना दाखवलं नाही. कपाटावर ठेवलं.

२ डिसेंबर

अठरा जानेवारीला पुण्यात पात्रता फेरी. राज्याच्या महिला संघात एक जागा. मागच्या वर्षी एका जास्तीच्या फटक्यानं गेली – सोळाव्या होलला. समोर तळं, तळ्यापलीकडं ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. तीन नंबर घेतलं, चेंडू खालून गेला आणि पाण्यात. पिशवी पप्पांच्या खांद्यावर होती.  परतताना बार्शीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "हात थांबला तुझा. काठीचा दोष न्हाय."

पप्पा फौजेत होते. शेवटची वर्षं छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याकडं होती. सोमवारी साहेब लोकांना मैदान बंद, तेव्हा कामगारांना खेळायची मुभा. मी तिथंच शिकले, फ्रॉकवर. तीन नंबर माझ्या उंचीपेक्षा मोठं होतं तेव्हापासून माझ्याकडं आहे. "लोखंड खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला वाक्यांपेक्षा मोजमाप बरं वाटतं. म्हणून मोजणार.

७ डिसेंबर, रविवार

मी नोकरी करते त्या पवनचक्क्यांच्या साइटवर मोजलं. वाऱ्याचा हंगाम संपलाय, पवनचक्क्यांच्या देखभालीचे दिवस, त्यामुळं रविवारी माळ मोकळा. सोबत बसवराज, आमचा टेक्निशियन, उमरग्याकडचा. टेप त्याच्या हातात. आयर्नच्या चेंडूंवर लाल ठिपका, हायब्रिडच्यांवर निळा. वारा मापक-खांबावरून घेतला, तापमान लिहिलं, दर पाच फटक्यांनी काठी बदलली, म्हणजे थकव्याचा हिशेब दोन्हीकडं सारखा.

बसवराज तासाभरानं वैतागला. "मॅडम, चेंडू हाणायचा अन् परत आणायचा. मग हाणायचाच कशाला?"

"आपला पंखापण जागेवरच फिरतो ना."

"त्याची वीज येती."

मी पुढचा चेंडू मांडला.

निकाल: आयर्न पुढं. थोडीथोडकी नाही, अकरा यार्डांनी. हे अपेक्षित नव्हतं. बरं वाटलं. का, ते इथं लिहीत नाही.

८ डिसेंबर

निर्णय झाला. तीन नंबर राहणार. हर्षालीला कळवलं. तिनं फक्त एक हसरा चेहरा पाठवला. मला हसरे चेहरे वाचता येत नाहीत.

२१ डिसेंबर, रविवार

हायब्रिड परत पाठवायचं राहिलंय. आज माळावर जाताना नेलं. नेलं म्हणजे, गाडीत होतंच.

२८ डिसेंबर, रविवार

आज वारा उलटा होता, म्हणून तोंड फिरवून उताराच्या बाजूला मारायला लागले. दोन्ही काठ्यांनी, सवयीनं आलटून पालटून. उताराखाली रेवणसिद्ध काकांचं हरभऱ्याचं रान आहे, आणि मला वाटलं होतं माझे चेंडू बांधाच्या अलीकडंच राहतील. राहिले नाहीत.

काका तुषार संच चालू करून बांधावर बसले होते. दोन्ही हात डोक्यावर धरून उभे राहिले. "काय वं मॅडम, हरभऱ्यात गारपीट करायलाव व्हय?"

माफी मागितली. चेंडू वेचू देतो म्हणाले, पण एक झाड मोडायचं नाही, ओळीमधूनच चालायचं, अन् चपला काढून. चपला हातात घेऊन चिखलात शिरले. घोट्यापर्यंत पाय बुडाले. पाण्याचा फवारा दर फेरीला पाठीवर येत होता आणि काका बांधावरून दिशा सांगत होते – "डावीकडं, डावीकडं, आता व्हय पुढं, आवं ते ढेकूळ हाय!"

मग एक गोष्ट दिसली. प्रत्येक चेंडू स्वतःच्या खळग्यात बसला होता. पडला तिथंच. ओल्या मातीत एक इंचही सरकलेला नाही. आणि हायब्रिडचे निळे सगळे पुढं होते. लाल मागं राहिले होते, काही तर अगदी बांधाला चिकटून.

मी तिथंच उभी राहिले. सात तारखेला मी चेंडू कुठं सापडला ते मोजलं. कुठं पडला, ते मोजलंच नाही! माळ मुरमाचा, डांबरी रस्त्यासारखा कडक. आयर्नचा चेंडू खालून जातो, मुरमावर आपटतो आणि ब्रेक फेल झालेल्या टेम्पोसारखा पळत सुटतो. ते पळणं मी काठीच्या नावावर लिहिलं. पाण्यावर चेंडू पळत नाही. खांबावरचा वारा घेतला, तापमान घेतलं, आणि पायाखालची जमीन विसरले. लहानपणापासून हिरवळीवर खेळलेली मी, पण भूमला येऊन चार वर्षांत मुरूमच खरा वाटायला लागला.

"मॅडम, रडायलाव का हसायलाव?" काकांनी बांधावरून विचारलं. पाठमोरी होते, त्यांना कळेना.

हसत होते. ओली, चिखलानं भरलेली, एकटीच, मोठ्यानं. जाताना त्यांनी डहाळ्यांची जुडी दिली. "ह्यो घ्या हरभरा. तुमचं पीक तुमी नेलं, आमचंबी न्या."

गाडीत बसून सगळे घाटे सोलून खाल्ले. घरी फक्त पाला आणला.

४ जानेवारी, रविवार

परत मोजलं, काकांच्या पडीक तुकड्यात. त्यांनी स्वतःहून पाणी सोडून भिजवून ठेवला होता. या वेळी खळगे मोजले. हवेतून हायब्रिड पुढं, आणि फरक तळं ओलांडायला पुरेल एवढा. बसवराजनं टेप गुंडाळताना विचारलं, "म्हणजे मागच्या वेळी हाणलेले सगळे फुकट गेले का?" हो म्हटलं. तो खूश झाला.

आता पप्पांना सांगायचं.

६ जानेवारी

सांगितलं नाही.

९ जानेवारी

पप्पांनी आज तीन नंबर अंगणात काढलं. मूठ साबणानं धुतली, पातं घासलं, पुसून उन्हाला टेकवून ठेवलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लेक सासरी धाडल्यावाणी सजवायलाव त्या काठीला."

"पुण्याला चाललंय ते," पप्पा म्हणाले.

मी कपडे वाळत घालत होते. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. चिमटे मोजत बसले.

११ जानेवारी, रविवार

जेवताना सांगितलं. एका वाक्यात. "पप्पा, या वेळी तीन नंबर काढून हायब्रिड घेतेय."

ते भाकरी कुस्करत होते, कुस्करत राहिले.

"मोजलंस?"

"मोजलं."

"एकदा?"

"दोनदा. पहिल्यांदा चुकले होते."

"मग झालं."

आई माझ्याकडं बघत होती, मी ताटाकडं. जेवण झाल्यावर ते उठले, तीन नंबर जुन्या धोतरात गुंडाळलं आणि माळ्यावर सरकवून ठेवलं. त्यांची पाठ दिसत होती, चेहरा नाही. हे मला कशानं मोजता येत नाही. त्यांनी दिलेली वस्तू मी परत केली असं वाटलं, आणि तीही त्यांच्याच हातानं ठेवायला लावून.

हायब्रिड कपाटावरून काढून दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, डोक्यावर टिचकी मारली. "पोकळ हाय की." एवढंच.

१५ जानेवारी

रजा मंजूर. पप्पा येणार का, विचारलं नव्हतं. त्यांचे बूट दारात, पॉलिश केलेले.

१८ जानेवारी, रविवार. पुण्याहून परतताना, बसमध्ये

मिळाली. जागा मिळाली! (दोनदा विचारून खात्री केली.)

नीट लिहिते. पंधराव्या होलपर्यंत मी आणि हर्षाली बरोबरीत. बाकीच्या मागं पडल्या होत्या. सोळावा आला. तेच तळं, तोच ग्रीन, वारा तोंडावर. हर्षाली आधी मारणार होती. तिचा चेंडू तळं ओलांडून ग्रीनच्या पलीकडं वाळूत गेला. तिनं मला वाट करून दिली आणि हळूच म्हणाली, "वापर माझीच काठी माझ्यावर."

मी पप्पांकडं वळले. हात पुढं करायच्या आधीच हायब्रिड त्यांच्या हातात होतं, मूठ माझ्याकडं. पाऊस नव्हता, तरी त्यांनी ती रुमालानं पुसली होती.

मारला. चेंडू इतका वर गेला की क्षणभर वाटलं गेला वाया. सवय नाही मला एवढ्या उंचीची. मग तो पडला – ग्रीनवर, झेंड्याच्या जरा डावीकडं – आणि थांबला. पप्पा पिशवी खांद्यावर घेत म्हणाले, "पडला तिथंच ऱ्हायला."

हर्षालीला वाळूतून एक फटका जास्त लागला. शेवटच्या दोन्ही होलला दोघी सारख्याच. म्हणजे एका फटक्यानं. मागच्या वर्षी जेवढ्यानं गेली तेवढ्यानंच आली. हर्षालीनं मिठी मारली आणि कानात एक शिवी दिली, मनापासून. हायब्रिड परत मागितलं नाही. म्हणाली, "राहू दे. आता ते माझ्याकडं बघणार नाही."

पार्किंगमधून आईला फोन लावला. ती म्हणाली, "आता दोघं जण पोटभर जेवून या." मग फोन ठेवायचा विसरली, आणि शेजारच्या हरणाबाईंना ओरडून सांगितलेलं सगळं मला ऐकू आलं. काय मिळालं ते तिला नीट सांगता आलं नाही, पण फार मोठं मिळालंय एवढं गल्लीला कळलं.

पप्पा शेजारी झोपलेत. तोंड उघडं. मी खिडकीकडं तोंड करून हसतेय. दुसरं कुणी बघत नाहीये.

१९ जानेवारी

सकाळी माळ्यावरून तीन नंबर काढून पप्पांच्या हातात दिलं. म्हटलं, आता तुम्ही खेळा याच्यानं, तुमचंच आहे.

"मला त्यानं एकदाबी चेंडू उचलला न्हाय," ते म्हणाले. "ज्या साहेबाचं होतं, त्यालाबी न्हाय. म्हणून तर त्यानं मला देऊन टाकलं."

"मग मला का दिलं?"

"तुझा चेंडू बरोबर मध्यावर लागायचा."